फोनमधली अडगळ आणि पेढीची शिस्त

कापसाचा हंगाम ओसरला आणि मार्चअखेरचे हिशेब बंद झाले, की यवतमाळ, पुसद, वणी, पांढरकवडा येथील बाजारपेठांवर दुपारची सुस्ती उतरते. उन्हामुळे गिऱ्हाईक संध्याकाळीच बाहेर पडते. पूर्वी याच दिवसांत पेढीवरची कपाटे रिकामी होत, सरलेल्या सालाच्या वह्या कापडात बांधून वरच्या फळीवर जात आणि नको ते कागद निकालात निघत. आता कपाटात फारसे काही उरलेले नाही. अडगळीने जागा बदलली आहे. ती मालकाच्या खिशातल्या फोनमध्ये आणि काउंटरवरच्या संगणकात जाऊन बसली आहे, आणि डोळ्यांना दिसत नसल्यामुळे ती कोणी आवरीत नाही.

जुन्या पेढीवर वह्या मोजक्याच असत. दिवसाचा व्यवहार रोजकीर्दीत लिहिला जाई, संध्याकाळी रोकड मिळविली जाई आणि नोंद खतावणीत ज्याच्या त्याच्या खाती पडे. कच्ची वही असे, परंतु ती कच्ची आहे हे सर्वांना ठाऊक असे. पक्क्यात उतरली की तिचे काम संपे. एकाच व्यवहाराच्या दोन स्वतंत्र पक्क्या नोंदी दोन माणसांनी दोन ठिकाणी ठेवाव्यात, ही कल्पना त्या काळच्या मुनीमाला सहन झाली नसती. आज मात्र नेमके तेच चालते. काउंटरवर बिल करण्याचे एक सॉफ्टवेअर, मुलाच्या फोनमध्ये उधारीचे ॲप, हिशेबनीसाकडे टॅली, मालाच्या साठ्याची एक्सेल फाईल सुनेच्या लॅपटॉपवर, मागणी व्हॉट्सॲपवर, आणि गादीवर बसलेल्या वडिलांची डायरी. सहा ठिकाणे आणि सहा सत्ये.

याचा परिणाम केवळ वेळ वाया जाण्यात होत नाही. समजा, आर्णीकडचा एक जुना शेतकरी ग्राहक बाजारात येतो आणि पाच हजार रुपये रोख वडिलांच्या हातात देऊन जातो. वडील डायरीत लिहितात. मुलाला सांगायचे राहून जाते. चौथ्या दिवशी उधारीच्या ॲपमधून त्या ग्राहकाच्या फोनवर आपोआप संदेश जातो की, आपल्याकडे पाच हजार रुपये बाकी आहेत. तीन पिढ्यांचा संबंध असलेला तो माणूस भांडायला येत नाही. तो फक्त पुढच्या वेळी शेजारच्या दुकानात जातो. वडिलांना वाटते मुलाने आपला शब्द पाडला, मुलाला वाटते वडील सांगत नाहीत. दोष दोघांचाही नसतो. एका नोंदीला दोन घरे होती, एवढेच.

कापसाच्या खरेदीत हीच गोष्ट अधिक महाग पडते. नोंदणीकृत व्यापाऱ्याने शेतकऱ्याकडून थेट कच्चा कापूस घेतला, तर जीएसटी भरण्याची जबाबदारी शेतकऱ्यावर नाही, खरेदीदारावर आहे. १५ नोव्हेंबर २०१७ पासून ही उलटी आकारणी लागू आहे. हा कर आधी रोखीने भरावा लागतो. त्याचे क्रेडिट नंतर मिळते. आता हंगामातील गर्दी डोळ्यांसमोर आणावी. काटापट्टी एका सॉफ्टवेअरमध्ये, शेतकऱ्याला दिलेली रक्कम दुसऱ्या ॲपमध्ये, आणि महिनाअखेरीस हिशेबनीस व्हॉट्सॲपवर आलेल्या छायाचित्रांवरून टॅलीत नोंदी करतो आहे. वीस क्विंटलची एक पट्टी निसटली, भाव सात हजार धरला, तर खरेदी एक लाख चाळीस हजारांची आणि पाच टक्क्यांनी कर सात हजारांचा. वार्षिक १८ टक्क्यांनी व्याज काढले तरी रक्कम डोंगराएवढी होत नाही, हे खरे. परंतु एक पट्टी निसटते तेथे दहा निसटतात. मग नोटीस, खुलासा, सल्लागाराकडे खेपा आणि ऐन हंगामात मालकाचे चार दिवस. ते चार दिवस कोणत्याही व्याजाच्या तक्त्यात दिसत नाहीत.

उपाय नवे सॉफ्टवेअर घेणे हा नव्हे. बहुतेक पेढ्यांवर जे आहे त्याचाच पुरा उपयोग झालेला नसतो. टॅलीचा जन्मच मुळी एका व्यापारी घरातला. श्यामसुंदर गोयंका यांना आपल्या व्यवसायाचा हिशेब सांभाळील असा सोयीचा प्रोग्राम मिळेना, म्हणून त्यांनी आपला मुलगा भरत याला तो लिहायला लावला. १९८६ साली त्यातून कंपनी उभी राहिली. व्यापाऱ्याला तो रुचला याचे एक कारण असे, की त्यात खात्यांना सांकेतिक क्रमांक लावून ते पाठ करावे लागत नव्हते. खाते ज्याचे त्याच्या नावाने उघडता येत होते, वहीत असते तसे. या प्रोग्राममध्ये बिलवार उधारी दिसते, मालाचा साठा राहतो, बँकेच्या उताऱ्याशी ताळा जमविता येतो. तरीही अनेक दुकानांत त्याचा उपयोग विवरणपत्रापुरता केला जातो आणि उधारीसाठी एक, साठ्यासाठी दुसरे अशी फुकटची ॲपे जोडली जातात. टॅलीच पाहिजे असे नाही. लहान दुकानाला फोनवरचे साधे बिलिंग ॲप पुरत असेल, तर तेच ठेवावे आणि हिशेबनीसाला त्यातूनच आकडे द्यावेत. कोणते ठेवायचे हा प्रश्न दुय्यम आहे. पक्की वही कोणती, हे घरातल्या प्रत्येकाला एका शब्दात सांगता आले पाहिजे.

साफसफाईला बसताना एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी. पासबुक फाडल्याने बँकेतले खाते बंद होत नाही. तसेच फोनवरून ॲप काढल्याने त्या कंपनीकडचे आपले खाते आणि आपली माहिती तेथेच राहते. म्हणून क्रम पाळावा. प्रथम त्या ॲपमधला सारा हिशेब पीडीएफ किंवा एक्सेलमध्ये उतरवून घ्यावा, कारण जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेबाची पुस्तके वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात, आणि ती कोणत्या ॲपमध्ये होती याच्याशी खात्याला कर्तव्य नसते. मग वॉलेटमध्ये शिल्लक असल्यास ती बँकेत वळवावी. दरमहा आपोआप पैसे कापून जाण्याची परवानगी दिली असेल तर ती रद्द करावी. ॲप पुसले तरी ती परवानगी जिवंत राहू शकते. नंतर खाते बंद करण्याची विनंती करावी आणि अगदी शेवटी ॲप काढावे. घाईने उलटा क्रम लावणाऱ्यांची संख्या बरीच असते.

यूपीआयच्या बाबतीत एक गैरसमज खोल रुजलेला आहे. ॲप काढले तर पैसे जातील, अशी धास्ती विशेषतः ज्येष्ठांना वाटते. २०१६ साली ही व्यवस्था आली तेव्हापासूनच पैसा बँकेच्या खात्यात आहे. ॲप ही केवळ खिडकी आहे. एका ॲपमध्ये निरनिराळ्या बँकांची खाती जोडता येतात. तेव्हा चार ॲपे बाळगून काही साधत नाही. नेटवर्क अडले तर उपयोगी पडावे म्हणून दुसरे एक असू द्यावे, फार तर. दुकानातील क्यूआर कोडांचे तर स्वतंत्र प्रकरण आहे. काउंटरवर तीन कंपन्यांचे फलक आणि दोन बोलकी यंत्रे, त्यांचे बहुधा मासिक भाडे, आणि एखादा कोड मुलाच्या बचत खात्याशी जोडलेला. संध्याकाळी गल्ला मिळत नाही याचे कारण पुष्कळदा तेथेच सापडते. पेढीच्या चालू खात्याशी जोडलेला एकच कोड ठेवला, तर बँकेचा उतारा हीच दिवसभराच्या यूपीआय विक्रीची यादी होते आणि वर्षअखेरीस घरखर्च व व्यापार वेगळे काढण्याचे कष्ट वाचतात.

व्हॉट्सॲपमध्ये सर्वांत आधी पाहावी ती जोडलेल्या उपकरणांची यादी. मुख्य फोनखेरीज आणखी चार उपकरणांवर तेच खाते चालू शकते. दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा लॅपटॉप त्या यादीत आढळला, तर पेढीचे भाव, मागण्या आणि ग्राहकांची नावे तो आजही वाचू शकतो असा त्याचा अर्थ. दुसरी गोष्ट, छायाचित्रे व चित्रफिती आपोआप उतरवून घेण्याची सोय बंद करावी. फोन भरतो तो हिशेबाने नव्हे; सुप्रभातीच्या फुलांनी भरतो. दुकानाचा क्रमांक आणि घरचा क्रमांक वेगळा ठेवला, तर जेवताना ताटाशेजारी व्यापार येऊन बसत नाही. पण याविषयी घरोघरी मतभेद आहेत आणि ते राहणारच.

संगणकाची गोष्ट थोडक्यात सांगण्यासारखी आहे. तो सुरू होताना आपोआप उघडणाऱ्या प्रोग्रामांची यादी पाहून अनावश्यक बंद करावेत. जुने यंत्र पुष्कळदा एवढ्यानेच हुशारते. विंडोजमध्ये विषाणूरोधक व्यवस्था अंगभूत असते. तिच्यावर दोन निराळी अँटिव्हायरस बसविली की ती एकमेकांच्याच वाटेत येतात. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तेव्हा पेढीची पक्की वही अशा यंत्रावर असेल तर ते पुढच्या आवृत्तीवर नेण्याचा किंवा बदलण्याचा निर्णय आणखी लांबवू नये. दुरुस्ती करणाऱ्याने दुरून ताबा घेण्यासाठी घातलेले प्रोग्राम काम झाल्यावर त्याच दिवशी काढावेत. अशा ॲपचा फसवणुकीसाठी कसा वापर होतो याविषयी रिझर्व्ह बँकेने २०१९ सालीच इशारा दिला होता.

कमी करताना कुलपे कमी करू नयेत. सर्व ठिकाणी एकच पासवर्ड ठेवणे ही सोय नाही. दोन टप्प्यांची पडताळणी कटकटीची वाटली तरी राहू द्यावी. हिशेबाची प्रत एक संगणकाबाहेर पेनड्राइव्हवर आणि एक दुकानाबाहेर, घरी किंवा ऑनलाइन, असावी. आणि वर्षातून एकदा ती प्रत खरोखर उघडून पाहावी. न उघडणारा बॅकअप ज्या दिवशी लागतो त्याच दिवशी तो उघडत नसल्याचे कळते. मदतीचा १९३० हा सायबर फसवणुकीसाठीचा क्रमांक फोनमध्ये नावाने साठवावा, कारण पैसे गेल्यानंतरचा पहिला तास शोधाशोधीत जाऊ नये.

एक बाब मात्र सॉफ्टवेअरहूनही मोठी आहे, आणि ती बहुसंख्य पेढ्यांवर दुर्लक्षित राहते. जीएसटी, आयकर आणि परवान्यांच्या पोर्टलवर नोंदविलेला मोबाइल क्रमांक व ईमेल कोणाचा आहे? नोंदणीच्या वेळी घाईत सल्लागाराचा किंवा त्यांच्या कार्यालयातील मुलाचा क्रमांक दिला जातो आणि वर्षानुवर्षे तोच राहतो. सल्लागार प्रामाणिक असतात. पण त्यांच्याकडे शेकडो पेढ्यांची पत्रे येतात. पोर्टलवर उपलब्ध करून देणे ही नोटीस बजावण्याच्या कायद्याने सांगितलेल्या पद्धतींपैकी एक आहे. जीएसटीतील आदेशावर अपील करण्याची मुदत तो कळविल्यापासून तीन महिन्यांची असते, आणि अपील अधिकाऱ्याला सबळ कारणासाठी आणखी एकच महिना वाढविता येतो. पत्र ज्याला वाचायचे होते त्याने ते पाहिलेच नाही, ही सबब घेऊन चौथ्या महिन्यानंतर दार ठोठावणे फार कठीण. म्हणून पेढीच्या मालकीचा एक क्रमांक व एक ईमेल ठरवावा, सर्व सरकारी व बँकेच्या नोंदींवर तोच असावा आणि सल्लागाराला त्याची प्रत जावी. हे काम एका दुपारचे नाही. ओटीपी, अर्ज, बँकेत जाऊन सही, असे दोन आठवडे लागतात. चातुर्मास लागण्यापूर्वी ते उरकता येते.

हे सारे कोणाला ठाऊक आहे, हाही प्रश्न उरतोच. पुष्कळ घरांत फोन, पासवर्ड आणि ओटीपी एकट्या धाकट्या मुलाच्या हाती असतात. तो पुण्याला गेला किंवा आजारी पडला, की पेढी थांबते. कोणते खाते कोणत्या बँकेत, कोणता क्रमांक कशाला जोडलेला, पक्की वही कोठे, प्रत कोठे, एवढी माहिती कागदाच्या एका पानावर लिहून लॉकरमध्ये ठेवावी आणि घरातील आणखी एका व्यक्तीला, बहुतेक वेळा ती सून किंवा पत्नी असते, ते पान वाचता आले पाहिजे. पासवर्ड त्या पानावर लिहू नयेत. ते वेगळ्या बंद पाकिटात असावेत.

राहता राहिली वडिलांची डायरी. आवराआवरीच्या उत्साहात मुले प्रथम तिच्यावरच हात टाकतात. तसे करू नये. ती कच्ची वही आहे आणि कच्च्या वहीला पेढीवर नेहमीच जागा होती. दुकान बंद करण्यापूर्वी मुलाने वडिलांशेजारी दहा मिनिटे बसावे, डायरीतली दिवसाची ओळ न् ओळ पक्क्या हिशेबात उतरवावी आणि प्रत्येक उतरविलेल्या ओळीवर रेघ मारावी. उधारीच्या आठवणीचा संदेश आपोआप जाण्याची सोय बंद ठेवून तो त्यानंतरच, वडिलांना विचारून पाठवावा.