वाघिणीच्या पाठीवरचा घुमट

इंग्रजीतील ‘वॅगन’ची मराठी माणसाने ‘वाघीण’ करून टाकली, यात विनोदबुद्धी अधिक की कानांचा आळस अधिक, हे भाषाशास्त्रज्ञांनी ठरवावे. मात्र मालगाडीच्या सर्व वाघिणींत हे नाव खऱ्या अर्थाने कुणाला शोभत असेल तर ते तेलाची टाकी पाठीवर घेऊन धावणाऱ्या वाघिणीला. रेल्वे फाटकाशी सायकल टेकवून आपण ती लांबच लांब काळी रांग मोजत उभे राहतो. पण त्या नळकांड्यांकडे निरखून पाहणारा विरळा. या महिन्याच्या लेखात, वाचकहो, त्या नळकांड्यांचा थोडा इतिहास आणि त्यांच्या वीतभर प्रतिकृती घडविणाऱ्या छांदिष्टांची कथा सांगावयाची आहे.

आरंभ अमेरिकेत झाला. पेनसिल्व्हेनिया राज्यातील टायटसव्हिल येथे ऑगस्ट १८५९ मध्ये एडविन ड्रेक यांच्या विहिरीला तेल लागले आणि त्या दरीत माणसांची झुंबड उडाली. तेल उदंड, परंतु ते न्यायचे कशातून? लाकडी पिंपांतून. १८६१ च्या अखेरीस तेलाचा भाव पिंपामागे दहा सेंटपर्यंत घसरला, तेव्हा आतील तेलापेक्षा बाहेरचे लाकूड कितीतरी महाग अशी विपरीत अवस्था आली. शिवाय पिंपे गळत, फुटत, आणि रिकामी परत आणण्याचा खर्च निराळाच. १८६५ साली एमॉस व जेम्स डेन्समोर या बंधूंनी एका सपाट वाघिणीवर दोन प्रचंड लाकडी पिंपे उभी केली, त्यांना लोखंडी पट्ट्या आवळल्या, आणि प्रत्येकात चाळीसएक पिंपांचे तेल भरून ती न्यूयॉर्ककडे धाडली. पुढल्याच वर्षी, एप्रिल १८६६ मध्ये, त्यांना या रचनेचे पेटंट मिळाले. (यांपैकी जेम्स डेन्समोर यांनीच पुढे शोल्स यांच्या टंकलेखन यंत्राला पैसा पुरविला. ज्या यंत्रावर आमच्या कचेऱ्यांच्या दोन पिढ्या राबल्या, त्याच्या मुळाशी तेलाच्या वाघिणीची कमाई असावी, हा योग मला मोठा मौजेचा वाटतो.)

डेन्समोर बंधूंची वाघीण दिसायला ऐटदार असली तरी तिचा भार वर होता आणि लाकूड पाझरे. चार-पाच वर्षांतच आडवी लोखंडी टाकी आली. इंजिनाचा बाष्पक काढून वाघिणीवर निजवावा तशी. तिच्याबरोबर पाठीवरचा घुमटही आला. आजचे वाचक विचारतील, हा घुमट कशासाठी? मागे एका विद्यार्थ्याने मला हेच निराळ्या शब्दांत विचारले होते, “सर, टाकीला टोपी कशाला?” प्रश्न उत्तम आहे, आणि उत्तर सातवीच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे.

द्रव तापला की फुगतो. दहा हजार अमेरिकन गॅलनची टाकी पहाटेच्या गारव्यात पेट्रोलने काठोकाठ भरली आणि दुपारी तिचे तापमान वीस अंश सेल्सिअसने वाढले, तर आतील द्रव जवळजवळ दोनशे गॅलनने वाढतो. त्या वाढीव द्रवाला जागा हवी. टाकीच अर्धवट भरून ठेवली तर आतील तेल गाडीच्या प्रत्येक हिसक्यासरशी पुढेमागे आपटते. म्हणून नळकांडे पूर्ण भरावे आणि फुगवट्यासाठी वर घुमट ठेवावा, अशी योजना झाली. घुमटाचे आकारमान टाकीच्या निदान दोन टक्के असावे असा दंडक होता. दाब फाजील वाढला तर तो सोडण्याची झडपही तेथेच. पुढे १९५० च्या दशकात वेल्डिंगच्या बिनघुमटी टाक्या निघाल्या; त्यांत ही रिकामी जागा नळकांड्याच्या आतच, वरच्या अंगाला राखतात. तेव्हा घुमट असलेली वाघीण दिसली की तिचा आराखडा जुन्या पठडीचा हे ओळखावे.

त्या घुमटाच्या झाकणाची एक करुण कथा आहे. २७ सप्टेंबर १९१५ रोजी ओक्लाहोमा राज्यातील आर्डमोर गावच्या रेल्वे आवारात अतिशय बाष्पशील गॅसोलिनची एक वाघीण उन्हात उभी होती. आत दाब वाढून झडप फुसफुसत होती. कामगाराने घुमटाचे झाकण उघडले. बाहेर पडलेली वाफ गावभर पसरली, कुठेतरी ठिणगी पडली, आणि चाळीसहून अधिक माणसे प्राणांस मुकली. पुढील काळच्या नियमांत, आत दाब असेतो निघूच शकणार नाही असेच झाकण हवे, ही अट आढळते. नियमपुस्तकातील अशी कोरडी कलमे वाचताना त्यांच्यामागे कुणाची तरी चिता असते, याचा आपल्याला विसर पडतो.

आता प्रतिकृतींकडे वळू. हे खेळणे नव्हे. जगात सर्वाधिक प्रचलित असलेल्या ‘एच-ओ’ मापात मूळच्या एका फुटाला साडेतीन मिलिमीटर, म्हणजे एकास सत्त्याऐंशी, असे प्रमाण धरतात. १९२० च्या दशकातील दहा हजार गॅलनची टाकी सुमारे बत्तीस फूट लांब व सव्वासात फूट व्यासाची. ती या मापात उतरली की लांबी एकशे बारा मिलिमीटर आणि व्यास पंचवीस मिलिमीटर भरतो. भिंतीतून विजेच्या तारा नेण्याचा पंचवीस मिलिमीटरचा प्लास्टिकचा नळ आपल्याकडील कोणत्याही विजेच्या दुकानात मिळतो. नियतीने तो जणू याच कामासाठी घडविला आहे! दोन्ही टोके सपाट ठेवू नयेत, बशीसारखी किंचित फुगीर करावीत. एम-सील भरून, वाळल्यावर पॉलिशकागदाने घासावे. घुमटाला औषधाच्या बाटलीचे योग्य बेताचे टोपण चालते.

खरी कसोटी रिवेटांची. जुन्या टाक्या पत्र्यांचे जोड रिवेट ठोकून सांधलेल्या असत. मूळचा इंचभर रिवेट या मापात एक मिलिमीटरचा तिसरा हिस्सासुद्धा भरत नाही. पातळ ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर मागील बाजूने शिवणकामाचे दातेरी चाक पट्टीच्या आधाराने फिरवावे, म्हणजे पुढील बाजूस टिंबांची रेघ उठते. तो पत्रा नळावर गुंडाळावा. वजनाचेही शास्त्र आहे. १९३५ साली स्थापन झालेल्या अमेरिकेतील राष्ट्रीय छांदिष्ट संघटनेचा संकेत असा की, या मापाच्या वाघिणीचे वजन एक औंस अधिक लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस असावे. आपली वाघीण सुमारे नव्वद ग्रॅमची झाली पाहिजे. शिशाचे छर्रे टाकीतच, तळाशी, गोंदाने पक्के बसवावेत. सुटे राहिले तर वळणावर सरकून वाघीण रुळांवरून उतरायची. खऱ्या तेलाची खोड प्रतिकृतीतही येते ती अशी!

रंगाच्या बाबतीत माझे मत स्पष्ट आहे. दुकानातील चकचकीत, झगमगत्या जाहिरातींच्या टाक्यांपैकी कित्येक खऱ्या रुळांवर कधी धावल्याच नाहीत. बहुसंख्य टाक्या काळ्या, तेलाच्या ओघळांनी माखलेल्या असत. त्यांवरील अक्षरे मात्र अभ्यासावीत. मालकाच्या चिन्हाच्या अखेरीस ‘एक्स’ असेल तर ती वाघीण रेल्वे कंपनीची नसून खासगी मालकीची. टाकीची व झडपेची चाचणी कधी झाली याची तारीखही पोटावर लिहिलेली असते, आणि दृश्य १९३७ सालचे मांडून टाकीवर १९४८ ची तारीख लिहिणाऱ्याला जाणकार हसतात.

हा काटेकोरपणा कुणाला वेडेपणा वाटेल. पण एक उदाहरण पाहा. २१ जून १९७० रोजी इलिनॉय राज्यातील क्रेसेंट सिटी गावात प्रोपेन वायूची गाडी घसरली. एका वाघिणीचा कपलर उसळून शेजारच्या टाकीत घुसला आणि मागोमाग स्फोट झाले. १९७८ च्या फेब्रुवारीत टेनेसीतील वेव्हर्ली येथे घसरलेली वायूची टाकी दोन दिवसांनी, आवराआवर चालू असताना फुटली आणि सोळा माणसे गेली. या दशकातील अनुभवांनंतर वायूच्या टाक्यांना वर-खाली निसटू न शकणारे कपलर, टोकांशी पोलादी ढाल आणि उष्णतारोधक आवरण सक्तीचे झाले. म्हणून १९७० ची वाघीण करताना ढाल लावावयाची नाही, १९८५ ची करताना विसरावयाची नाही. अर्ध्या मिलिमीटरच्या त्या पत्र्याला हे कारण आहे. आणि ढाल सर्वच टाक्यांना मिळाली नव्हती: ६ जुलै २०१३ च्या पहाटे कॅनडातील लाक-मेगांतिक गावात कच्च्या तेलाच्या बहात्तर वाघिणींची गाडी उतारावरून आपोआप सुटली, त्रेसष्ट वाघिणी उलटल्या आणि सत्तेचाळीस माणसे जळून गेली. त्या टाक्या जुन्या, पातळ पत्र्याच्या जातीच्या होत्या. ज्वालाग्राही द्रवांसाठी जाड पत्र्याच्या, पूर्ण ढालीच्या टाक्यांचा अमेरिकन नियम २०१५ साली आला.

आपल्याकडील वाघीण करू पाहणाऱ्याला एक अडचण येते. आपला रूळमार्ग साडेपाच फुटी. एच-ओ मापात तो एकोणीस मिलिमीटरांहून अधिक भरतो, आणि बाजारात मिळणारे रूळ साडेसोळा मिलिमीटरचे. बहुतेक जण ही तडजोड मुकाट्याने पत्करतात, मीही तिला दोष देत नाही. पुण्यात कोथरूडला १९९८ पासून जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय आहे; सुटीत तिकडे जाणाऱ्यांनी मुलांना ते अवश्य दाखवावे.

आणि कोणती वाघीण करावी म्हणाल, तर आम्हा मिरजेच्या वाटेवरच्या लोकांना ती शोधायला दूर जाणे नको. एप्रिल २०१६ मध्ये लातूर तहानेने व्याकूळ झाले असता तेल वाहणाऱ्या दहा वाघिणी राजस्थानातील कोटा येथे वाफेने धुऊन काढल्या गेल्या आणि मिरजेला कृष्णेचे पाणी भरून सुमारे साडेतीनशे किलोमीटरांवर लातूरला पोचल्या. पहिली खेप पाच लाख लिटरची होती. नंतर पन्नास वाघिणींची गाडी पंचवीस लाख लिटर नेऊ लागली. ही प्रतिकृती करणाऱ्याने टाकीवरील काळे ओघळ वगळावेत, आणि झाकण मात्र उघडता येईल असे ठेवावे. चाकांच्या जोडण्यांविषयी पुढील महिन्यात.