रविवारचा देव आणि सोमवारचा कोयता

श्रद्धा ही खासगी बाब आहे, असं आमचे दाजी म्हणतात. चर्चला जा, प्रार्थना कर, पण शेतीत आणि धंद्यात धर्म आणू नकोस. गंमत म्हणजे आमच्या चर्चमधले निम्मे लोकही हेच मानतात, फक्त बोलून दाखवत नाहीत. तर मंडळी, आज मला दोघांशीही भांडायचंय.

जयसिंगपूर हे व्यापाराचं गाव. शाहू महाराजांनी 1917 मध्ये वडिलांच्या नावानं वसवलं ते मुळी बाजारपेठ म्हणूनच. स्वाभिमानी शेतकरी संघटनेची ऊस परिषद वर्षानुवर्षं इथेच भरत आली. दर काय, पहिली उचल किती, काटामारी कुठे होते, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. शेतकऱ्याच्या घामाचं मोल व्हावं हे रास्तच आहे. पण तो ऊस तोडतं कोण?

दिवाळीच्या सुमारास बीडकडून टोळ्या येतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेस्तोवर सुटका नाही. आणि हिशेबात नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. एकटा माणूस आला तर अर्धा कोयता. आपण सगळे हा शब्द इतक्या सहज वापरतो! "यंदा किती कोयते आलेत?" माणसं मोजताना आपण हत्यार मोजतो, आणि बाईला तर अख्खं हत्यारसुद्धा मोजत नाही. खाडा झाला की दंड. 2019 मध्ये बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या बातम्या आल्या, सरकारनं समिती नेमली, आपण चार दिवस हळहळलो. त्या बायका आपल्याच पट्ट्यातल्या फडांवर येतात, हे किती जणांच्या डोक्यात आलं?

इथे माझा मुद्दा सुरू होतो. जीवनदृष्टी म्हणजे फळीवर ठेवलेलं पुस्तक नाही. समोरच्याला तुम्ही काय म्हणून मोजता, ती जीवनदृष्टी. बायबलच्या पहिल्याच अध्यायात नर आणि नारी दोघांनाही देवाचं प्रतिरूप म्हटलंय. दोघं मिळून एक नाही, दोघंही पूर्ण. मोशेच्या नियमशास्त्रात गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत द्यायचा दंडक आहे. मोजमापात लबाडी नको हेही तिथेच. याकोबानं पत्रात श्रीमंत जमीनदारांना झाडलंय ते पीक कापणाऱ्यांची मजुरी अडकवल्याबद्दल. आता सांगा, यातलं काय रविवारचं आहे? सगळा मामला शेताचा आणि काट्याचाच. स्वतः येशू सुताराच्या घरात वाढला, पौल तंबू शिवायचा. हातानं राबणाऱ्याला हलकं समजणाऱ्या आपल्या समाजात ही गोष्ट साधी नाही.

दाजींचा दुसरा प्रश्न, चांगलं वागायला ख्रिस्तच कशाला? प्रश्न चोख आहे. शाहू महाराजांनी 1902 मध्ये मागासलेल्या वर्गांसाठी संस्थानातल्या निम्म्या जागा राखल्या, ते काही बाप्तिस्मा घेऊन नव्हे. चांगुलपणाचा ठेका आमच्याकडे नाही. पण चांगुलपणा महाग पडायला लागला की माणूस का टिकतो, याचं उत्तर तरी हवं ना? पंडिता रमाबाई घ्या. संस्कृतच्या जोरावर मानमरातबात जगता आलं असतं. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, टाकलेल्या मुली घेऊन आल्या. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांना नुसतं जेवू घातलं नाही, छपाई शिकवली, विणकाम शिकवलं. रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून सोप्या मराठीत केलेलं बायबल तिथल्याच बायकांच्या हातून छापलं गेलं. कुणाच्याही खिजगणतीत नसलेली मुलगी पूर्ण माणूस आहे, हे आधी पक्कं असल्याशिवाय तिच्या हातात कुणी खिळे देत नाही.

आणि मिरज तर आपल्या शेजारीच. विल्यम वानलेस 1889 मध्ये भारतात आले, 1894 मध्ये मिरजेत दवाखाना उभा राहिला. वानलेसवाडी हे नाव आपण बसच्या पाटीवर वाचतो आणि पुढे जातो. त्यांच्या लेखी शस्त्रक्रिया ही उपासनेनंतरची समाजसेवा नव्हती, तीच उपासना होती. (धर्मांतरासाठीच केलं सगळं, असं म्हणणारे आता कॉमेंटमध्ये येतीलच. या. पण टेबलावरच्या रुग्णाला आधी बरं केलं, हेही लिहा.)

आता घरच्यांकडे वळतो. आम्ही काय केलं? विश्वास म्हणजे स्वर्गाचं रिझर्व्हेशन करून टाकलं. एकदा तिकीट कन्फर्म झालं की प्रवासभर झोपायला मोकळे. उपदेश ऐकतो तारणाचा, आणि नोकरी निवडतो पगार आणि सासुरवाडीचं मत बघून. आपलं रोजचं काम कुणाच्या उपयोगी पडतं, हा प्रश्न तरुण संघाच्या सभेत मी एकदाही ऐकला नाही. जात तर लग्न जुळवताना अजून हळूच विचारतातच. मग दाजींसारख्यांनी खासगी बाब म्हटलं तर राग कशाला यावा? आम्हीच ती खासगी करून ठेवली.

सगळ्यात बोचतं ते नाताळात. उतरायला जागा न मिळालेल्या जोडप्याचा देखावा आम्ही पेंढा-बिंढा आणून करतो, दिवे लावतो. त्याच आठवड्यात गावाबाहेर पाचटाच्या खोपीत तान्हं पोर घेऊन बसलेली बाई असते, पहाटे फडात जायचं असतं तिला. तो देखावा बघायलाही तिला कुणी बोलावत नाही.

यंदा मी कमिटीपुढे मांडलंय की देखाव्याचा खर्च कमी करून जवळच्या टोळीच्या पोरांसाठी हंगामभर संध्याकाळची शाळा चालवू, आणि सभासदांपैकी ज्यांचा ऊस तोडला जातो त्यांनी टोळीतल्या बायकांचीही नावं वेगळी लिहून घ्यावीत. शाळेला चौघं तयार झाले. नावांच्या मुद्द्यावर मात्र खजिनदार म्हणाले, "ते धंद्याचं झालं, चर्चमध्ये नको." पुढची मीटिंग दहा तारखेला आहे.