मालकही तोच, पंचही तोच!

सरकारी नोकरांनी संपाचे नाव काढताच ‘जनतेस वेठीस धरले’ अशी ओरड सुरू होते. टपाल अडले, गाडी रद्द झाली, की हाल सामान्य माणसाचे होतात, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु बंदीचा आग्रह धरणाऱ्यांस आमचा एकच सवाल आहे : नोकरांच्या हातचे हे हत्यार काढून घेतलेत, त्याच्या बदल्यात त्यांना काय दिलेत?

खाजगी गिरणीत तंटा झाला तर मध्यस्थीस सरकार असते. सरकारी खात्यात तंटा झाला तर मध्ये कोण? तेथे मालक सरकार आणि वटहुकूम काढणारेही सरकारच! किमान वेतन गरजेवर आधारलेले असावे, असे 1957 मध्ये पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने ठरविले. त्या परिषदेत सरकार स्वतः सामील होते. पण केंद्रीय नोकरांनी तोच दंडक स्वतःसाठी मागताच तो सरकारास परवडेनासा झाला. जुलै 1960 मध्ये नोकरांनी संप केला. त्यास उत्तर मिळाले ते अत्यावश्यक सेवांच्या वटहुकुमाचे. पाच दिवसांत संप मोडला, गाऱ्हाणे मात्र जागच्या जागी राहिले.

1966 मध्ये संयुक्त सल्लागार यंत्रणा उभी राहिली. वेतन व भत्ते, कामाचे तास आणि रजा यांवर एकमत न झाल्यास सक्तीचा लवाद, ही तीतील तरतूद निःसंशय स्वागतार्ह होय. परंतु निवाडाही संसदेच्या अंतिम अधिकारास अधीन ठेवण्यात आला. म्हणजे पंचाचा निर्णय रुचला तर बंधनकारक, न रुचला तर बहुमताच्या बळावर फिरविता येणारा! यास लवाद म्हणावयाचे की लवादाचा देखावा?

जुलै 2003 मध्ये तामिळनाडू सरकारने संपावरील सुमारे 1 लाख 70 हजार नोकरांस बडतर्फ केले. सरकारी नोकरांस संपाचा मूलभूत, वैधानिक वा नैतिक अधिकार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी 6 ऑगस्टला सांगितले. न्यायालयाचा आम्ही आदर करतो. पण अधिकार नाकारल्याने अन्याय नाहीसा होत नाही. संघटनास्वातंत्र्य व सामुदायिक वाटाघाटी यांविषयीचे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचे 87 व 98 क्रमांकांचे करार भारताने अद्याप मान्य केलेले नाहीत, आणि त्यास कारण सांगितले जाते तेही सरकारी नोकरांचेच!

कामगार संघटनाही निर्दोष नाहीत. आपसांतील चढाओढीत त्यांनी पुष्कळदा आपलेच बळ घालविले आहे. त्यावर उपाय आहे. रेल्वेत 2007, 2013 आणि 2024 मध्ये गुप्त मतदानाने मान्यताप्राप्त संघटना ठरविण्यात आल्या; त्याने आकाश कोसळले नाही. हीच रीत प्रत्येक खात्यात आणावी, वाटाघाटींस मुदत घालावी आणि लवादाचा निवाडा सरकारने निमूटपणे पाळावा. एवढे केल्यावर संपास विरोध करण्याचा नैतिक अधिकार सरकारास लाभेल. तोवर शिस्तीची प्रवचने त्याने नोकरांस ऐकवू नयेत. स्वतःचा शब्द पाळणे ही शिस्तीची पहिली पायरी असते, आणि ती मालकाने आधी चढावयाची असते.