हासळी गेली तरी हात राहतो

पावसाळ्यात भुशीच्या धरणावर पर्यटकांची रीघ लागते. शेवाळलेल्या दगडावरून पाय घसरतो, सारा भार खांद्यावर येतो आणि गळ्याखालचे आडवे हाड मोडते. हीच हासळी; शास्त्रीय नाव जत्रुक. मोडलेले हाड जुळताना तेथे उंचवटा येतो व पुढे हळूहळू ओसरतो. त्यामुळे हासळीवरची कोणतीही सूज म्हणजे जुना मार, असे आपण धरून चालतो. क्वचित हा समज फार महागात पडतो.

हासळीतच उद्भवणारा हाडाचा कर्करोग दुर्मीळ आहे; तथापि तो मुलांना व तरुणांनाही होतो. मार नसताना आलेली किंवा काही आठवड्यांनंतरही वाढत राहणारी सूज आणि रात्री झोप मोडणारा ठणका, ही लक्षणे दिसल्यास तेल लावून चोळू नये; एक्स-रे काढून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. तपासणीसाठी गाठीचा तुकडा घ्यायचा तोही पुढील शस्त्रक्रिया करणाऱ्या तज्ज्ञांच्या सल्ल्यानेच. कारण सुईचा मार्गही नंतर गाठीसोबत काढावा लागतो. या उपचारांसाठी परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून कार्यरत आहे.

हाड काढावे लागेल, हे ऐकताच ‘आता हात गेला’ अशी भीती घरात शिरते आणि निर्णय लांबतो. वास्तविक हासळी काढली तरी खांद्याभोवतीचे स्नायू हाताला धरून ठेवतात. खांदा थोडा पुढे झुकतो, जड ओझे उचलताना बळ कमी पडते. परंतु नियमित व्यायामाने जेवणे, लिहिणे, केस विंचरणे ही नित्याची कामे बहुतेकांना जमतात. शस्त्रक्रिया मात्र नाजूक असते, कारण या हाडाच्या मागूनच हाताकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या व मज्जातंतू जातात. रोगाच्या प्रकारानुसार आधी किंवा नंतर केमोथेरपीही द्यावी लागते.

न्यूयॉर्कचे शल्यविशारद व्हॅलेंटाइन मॉट यांनी १८२८ साली एका १९ वर्षांच्या तरुणाची कर्करोगग्रस्त हासळी काढली. भूल देण्याची विद्या तेव्हा अवगत नव्हती. शस्त्रक्रिया सुमारे चार तास चालली. तो तरुण वाचला. आज भूल आहे, स्कॅन आहेत, औषधे आहेत. उणीव राहते ती वेळेवर दाखवण्याची, आणि ती आपल्याच हाती आहे.