वॉशरूममध्ये पाटी, गच्चीवर पाट

हिंजवडी, बाणेर, बालेवाडीच्या ऑफिसांत काम करणाऱ्या मंडळींनो,

तुमच्या वॉशरूममध्ये पाटी आहे : ‘पाणी जपून वापरा’. तुम्ही वापरताही. आता एकदा गच्चीवर जाऊन या. आम्ही जिथे गेलो, तिथे एसीच्या कूलिंग टॉवरच्या बुडाशी एक व्हॉल्व्ह तारेने बांधून अर्धवट उघडा ठेवला होता आणि अंगठ्याएवढी धार थेट ड्रेनमध्ये जात होती. ऑपरेटर म्हणाला, “बंद केला की चिलर ट्रिप होतो, साहेब. मग शिव्या मीच खातो.”

त्याचं अर्धं खरं आहे. टॉवरमधून वाफ उडते, क्षार मागे राहतात. ते वाढले की कंडेन्सरच्या नळ्यांत पांढरा थर धरतो, म्हणून थोडं पाणी सोडावंच लागतं. यालाच ब्लोडाऊन म्हणतात. भांडण आहे ते किती सोडायचं यावर. एसीचा 300 टनांचा भार 10 तास चालला की साधारण 20 हजार लिटर वाफ होते. तिला इलाज नाही. पण क्षार दुप्पट होताच पाणी फेकलंत, तर आणखी 20 हजार लिटर गटारात जातं. पाचपट होईपर्यंत थांबलात, तर 5 हजार. रोजचा दीड टँकर त्या तारेपायी वाहून जातो! क्षार मोजून व्हॉल्व्ह आपोआप उघडणारा कंट्रोलर बाजारात मिळतो. रिसेप्शनमधल्या सोफ्याहून तो महाग नसावा.

‘टँकरचं पाणी जड, पाचपट झेपणार नाही,’ असं मॅनेजमेंट म्हणेल. मग हलकं पाणी मिसळा की! पावसाळ्यात एएचयूच्या, म्हणजे मजल्यावर थंड हवा सोडणाऱ्या यंत्राच्या, ड्रेनपाइपखाली बादली लावून बघा. थंडगार, जवळजवळ बिनक्षाराचं पाणी, फुकट. तेही आज गटारातच जातं.

एसटीपीच्या, म्हणजे शुद्ध केलेल्या सांडपाण्याचं नाव काढलं की नाकं मुरडतात. नागपूरचं सांडपाणी भांडेवाडीत शुद्ध होऊन महानिर्मितीच्या कोराडी वीज केंद्राला जातं. वीज केंद्राला चालतं ते तुमच्या चिलरला का चालू नये? नीट गाळा, जंतुनाशक घाला, रोज तपासा, पण वापरा.

काही जण टॉवरच काढून हवेवरचे चिलर बसवा म्हणतात. ते वीज जास्त खातात, आणि औष्णिक वीज करायलाही पाणीच उडवावं लागतं. त्यापेक्षा थर्मोस्टॅट 24 अंशांवर आणा. मे महिन्यात शाल पांघरून कीबोर्ड बडवणारी माणसं आम्ही पाहिली आहेत.

आमची मागणी एवढीच : टॉवरमध्ये येणाऱ्या पाण्याला एक मीटर आणि ब्लोडाऊनला दुसरा. दोन्ही आकडे रोज लिफ्टशेजारच्या बोर्डावर लिहा. मंडळींनो, उद्या जेवणाच्या सुट्टीत फॅसिलिटी मॅनेजरकडे हे आकडे मागा. ‘मीटरच नाही’ म्हणाले, तर गच्चीची किल्ली मागा.




— टँकरच्या रांगेत उभे राहणारे तुमचे शेजारी