उपेक्षा म्हणजे खंडन नव्हे

"असल्या लिखाणाचा परामर्श घेण्याचें आम्हांस कारण दिसत नाहीं," हें वाक्य मराठी वाचकांच्या कानांवरून इतक्या वेळां गेलें आहे, कीं त्याच्या पोटांत काय दडलें आहे याचा विचार करण्याचें कोणासही सुचत नाहीं. लेखक हें वाक्य लिहितो, प्रतिपक्ष्याच्या भाषेची थोडी थट्टा करतो, त्याच्या विद्येविषयीं किंवा हेतूविषयीं एखादी शंका सोडून देतो, आणि वाद जिंकल्याच्या थाटांत पुढील विषयाकडे वळतो. वाचकही पान उलटतो. प्रतिपक्ष्याचें म्हणणें काय होतें, त्यास आधार कोणता होता व तो आधार कोठें ढासळला, यांपैकीं एकाही प्रश्नाचें उत्तर मिळालेलें नसतें. तरी त्याचें खंडन झालें अशी समजूत मात्र दोघांचीही झालेली असते. या समजुतीवर आमचा आक्षेप आहे.

आरंभींच प्रतिपक्षाची बाजू मांडणें आमच्यावर बंधनकारक आहे. नाहीं तर ज्या दोषाबद्दल आम्ही दुसऱ्यांस बोल लावतों, तोच आमच्या माथीं येईल. उपेक्षेचे कैवारी तीन कारणें सांगतात. पहिलें असें कीं, आयुष्य थोडें व आक्षेप अनंत. प्रत्येक विक्षिप्ताशीं वाद घालीत बसल्यास स्वतःचें काम व्हावयाचें केव्हां? दुसरें, कांहीं मतें इतकीं निराधार असतात कीं उत्तर दिल्यानेंच त्यांस प्रतिष्ठा मिळते. तिसरें, पुष्कळदां प्रतिपक्षी सत्यशोधनासाठीं बोलतच नसतो. त्यास केवळ गोंधळ घालावयाचा असतो. हीं तिन्ही कारणें खरीं आहेत, हें आम्ही प्रांजलपणें कबूल करतों. परंतु त्यांवरून निष्पन्न होतें तें इतकेंच, कीं प्रत्येकास गप्प बसण्याचा अधिकार आहे. त्या मौनानें समोरचें म्हणणें खोटें ठरतें, हें त्यांवरून मुळींच निष्पन्न होत नाहीं. "मला वेळ नाहीं" असें म्हणणारा मनुष्य प्रामाणिक आहे. "मला वेळ नाहीं, म्हणून तूं चुकलास" असें म्हणणारा मनुष्य न लढतांच विजयाचा नगारा वाजवीत आहे.

हा भेद कांहीं आम्हीं पश्चिमेकडून उसना आणलेला नाहीं. गौतमाच्या न्यायशास्त्रानें चर्चेचे तीन प्रकार केले आहेत. तत्त्वनिर्णयासाठीं चालतो तो वाद. केवळ जिंकण्यासाठीं चालतो तो जल्प. आणि स्वतःचा पक्ष न मांडतां दुसऱ्याचा पक्ष पाडण्यासाठींच चालते ती वितंडा. याच शास्त्रानें पराभवाचीं २२ स्थानें मोजून ठेविलीं आहेत. त्यांस निग्रहस्थानें म्हणतात. प्रतिपक्ष्याचें विधान तीन वेळां सांगून झालें, सभेस तें समजलें, आणि तरीही ज्यानें त्याचा अनुवाद केला नाहीं, तो 'अननुभाषण' या स्थानीं हरला. चालू विषय सोडून जो भलत्याच विषयावर घसरला, तो 'अर्थांतर' या स्थानीं हरला. "मला दुसरें काम आहे" अशी सबब सांगून जो वाद मोडून उठला, तो 'विक्षेप' या स्थानीं हरला. स्वतःवरील दोषाचें निवारण न करतां "तोच दोष तुझ्याकडेही आहे" एवढेंच जो म्हणाला, तो 'मतानुज्ञा' या स्थानीं हरला. कारण आपला दोष त्यानें मान्यच केला. तेव्हां आमच्याकडील जो लेखक प्रतिपक्ष्याचें म्हणणें न सांगतां त्याच्या जातीवर, वयावर किंवा व्याकरणावर घसरतो व "पुरे झालें" म्हणून उठतो, तो आपल्याच पूर्वजांच्या सभेंत एकदां नव्हे, तीनदां हरलेला आहे.

आणि हें शास्त्र केवळ पोथींत राहिलें नव्हतें. ज्ञानेश्वरांनीं अमृतानुभवांत अज्ञानाच्या खंडनास एक संपूर्ण प्रकरण दिलें आहे, व तें त्या ग्रंथांतील सर्वांत मोठें प्रकरण आहे. टिळकांस आधिभौतिक सुखवाद मान्य नव्हता. तरी १९१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यांत त्यासाठीं त्यांनीं स्वतंत्र प्रकरण खर्चीं घातलें, आणि हॉब्स, मिल प्रभृतींचें म्हणणें आधीं मांडून मग त्याचा निकाल लावला.

आतां ज्या उदाहरणाकडे वळावयाचें, तें लिहितांना आमची लेखणी अडखळते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची निबंधमाला १८७४ सालीं सुरू झाली. मराठी गद्यास तिनें जें तेज व जो डौल दिला, त्याचे आम्ही सर्वच ऋणी आहों. परंतु याच निबंधमालेंत जोतीराव फुल्यांच्या लेखनाचा समाचार घेतला गेला, तेव्हां काय झालें? जोतीरावांनीं १८७३ सालीं 'गुलामगिरी' हें पुस्तक प्रसिद्ध केलें व त्याच वर्षीं सत्यशोधक समाज स्थापन केला. गुलामगिरींत दोन निरनिराळ्या जातींचीं विधानें आहेत. एक असें, कीं मत्स्यापासून परशुरामापर्यंतच्या अवतारकथा म्हणजे बाहेरून आलेल्या आर्यांनीं येथील मूळ रहिवाशांवर मिळविलेल्या जयांच्या कथा होत. दुसरें असें, कीं सरकारचा पैसा शेतकऱ्याच्या श्रमांतून उभा राहतो, पण तो वरिष्ठ वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो आणि शेतकऱ्याचीं मुलें निरक्षर राहतात. पहिल्या विधानावर शास्त्रीबोवांसारख्या व्यासंगी पुरुषानें खुशाल कडाडून हल्ला चढवावयाचा होता. कारण त्यांतील कित्येक व्युत्पत्त्या टिकण्याजोग्या नाहींत. दुसऱ्या विधानास आंकड्यांनीं उत्तर द्यावयाचें होतें, किंवा मान तुकवावयाची होती. शास्त्रीबोवांच्या टीकेचा भर मात्र जोतीरावांच्या अशुद्ध भाषेवर, व्याकरणाच्या चुकांवर आणि ग्रंथकर्त्याच्या विद्वत्तेच्या थट्टेवर पडला.

त्या थट्टेनें तत्कालीन वाचकांची करमणूक झाली असेल. प्रश्न जागच्या जागीं राहिला. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जोतीरावांनीं तोच मुद्दा पुनः मांडला, आणि निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें अशी मागणी केली. शिक्षण हा बालकांचा मूलभूत हक्क ठरविणारी घटनादुरुस्ती २००२ सालीं झाली व तद्विषयक कायदा १ एप्रिल २०१० रोजीं अंमलांत आला. मध्यें १२८ वर्षें गेलीं. एका टीकेमुळें हा विलंब झाला असें आम्ही म्हणत नाहीं. तसें म्हणणें अन्यायाचें होईल. परंतु ज्या वर्गाच्या हातीं त्या काळीं लेखणी होती, त्यास हा प्रश्न हंसण्यावारीं नेण्याची संवय लागली, आणि ती लावण्यांत मराठींतील सर्वांत समर्थ लेखणीचा हात होता, एवढें तरी कबूल करावयास हवें.

उपेक्षेचा दुसरा प्रकार थट्टेहूनही थंड असतो. सुरतेस एका विधवेस बालहत्येच्या आरोपावरून शिक्षा झाली, आणि त्या निमित्तानें वर्तमानपत्रें समस्त स्त्रीजातीस दूषणें देऊं लागलीं. तेव्हां बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं १८८२ सालीं 'स्त्रीपुरुषतुलना' लिहून एक साधा प्रश्न विचारला: जे दुर्गुण तुम्ही स्त्रियांच्या माथीं मारतां, ते पुरुषांच्या अंगीं नाहींत काय? जोतीरावांनीं १८८५ सालीं 'सत्सार'मध्यें या पुस्तकाची बाजू घेतली. त्यानंतर तें विस्मृतींत गेलें, तें १९७५ सालीं स. गं. मालशे यांनीं पुनः प्रसिद्ध करीपर्यंत. ताराबाईंचें दुसरें पुस्तक उपलब्ध नाहीं. त्यांच्या प्रश्नाचें खंडन झालें होतें काय? तसें म्हणण्याचें धाडस आज कोणीही करणार नाहीं. तो प्रश्न नुसता ऐकला गेला नव्हता.

येथवर वाचून ज्यांस समाधान वाटलें असेल, त्यांच्याही पदरांत त्यांचें माप घातलें पाहिजे. आज चिपळूणकरांचें नांव निघतांच, "जातीचा अभिमानी मनुष्य तो, दुसरें काय म्हणणार?" असें बोलून निबंधमाला न उघडतांच बाजूस सारणारे कमी नाहींत. 'आमच्या देशाची स्थिति' या निबंधांत परकीय सत्तेविषयीं त्यांनीं काय म्हटलें, हें यांस ठाऊक नसतें व ठाऊक करून घ्यावयाचेंही नसतें. लिहिणाऱ्याची जात पाहून मुद्दा फेटाळणें हा दोष असेल, तर तो उभयपक्षीं दोषच आहे. ज्यांनीं हा अन्याय सोसला, त्यांच्याच नांवानें तो चालू ठेवण्यांत त्यांचा कोणता सन्मान होतो?

हा रोग ग्रंथकारांपुरताच असता, तर आम्हीं एवढा विस्तार केला नसता. तो आमच्या माजघरांत शिरलेला आहे. प्रस्तुत लेखकाच्या घरीं वडिलांच्या श्राद्धाच्या दिवशीं लहान मुलीनें विचारलें, "आजोबांवर माझं जास्त प्रेम होतं, मग पिंडाला हात दादानंच कां लावायचा?" तिच्या प्रश्नांत हेतु होता, आधार होता, आणि उत्तर देण्यास भरपूर वेळही होता. लेखकानें म्हटलें, "चार बुकं शिकलीस म्हणून मोठ्यांना शहाणपण शिकवूं नकोस." पानें वाढलेलीं होतीं, मंडळी हंसली, मुलगी गप्प बसली. तिची समजूत पटली असें त्या वेळीं वाटलें. पुढें अनेक वर्षांनीं ध्यानांत आलें, कीं त्या दिवसानंतर धर्माविषयीं तिनें बापास एकही प्रश्न विचारलेला नाहीं. ती त्या दिवशीं शास्त्र शिकली नाहीं. ज्याच्या हातीं सत्ता आहे त्यास उत्तर द्यावें लागत नाहीं, एवढेंच शिकली. या लेखांतील कठोर शब्द त्या बापासही लागू आहेत.

म्हणून आमचें मागणें मोठें नाहीं. ज्यास गप्प बसावयाचें त्यानें खुशाल बसावें. परंतु अमुक मत खोडून काढलें असें ज्यास सांगावयाचें असेल, त्यानें आधीं तें मत, मांडणारास स्वतःसही मान्य होईल अशा शब्दांत, लिहून दाखवावें. मग त्याचें कोणतें अंग मोडतें तें सांगावें. आणि एकही अंग मोडत नसेल, तर तसें कबूल करण्याचें मन असूं द्यावें. तोंवर "असल्या म्हणण्यास उत्तर देण्याचें कारण नाहीं" हें वाक्य जेथें आढळेल, तेथें सुज्ञ वाचकानें त्याचा एवढाच अर्थ घ्यावा, कीं उत्तर अद्याप मिळालेलें नाहीं.