पहिली पॉलिसी मावशीची, मग पुढे?

‘इन्शुरन्स कंपनीत लागलोय’ असं कुणी सांगितलं की आपल्याकडे दोनच रिअ‍ॅक्शन येतात. एलआयसी असेल तर पेढे. प्रायव्हेट असेल तर ‘बाबा रे, मला पॉलिसी नको हं!’ आत काम नक्की काय असतं, हे मात्र कुणी विचारत नाही. ऑफर लेटरवर ‘रिलेशनशिप मॅनेजर’ लिहिलेलं असतं आणि आपण तेवढ्यावर खूश.

एलआयसीचंच घ्या. देशात काम करणाऱ्या २४५ विमा कंपन्या आणि सोसायट्या एकत्र करून १ सप्टेंबर १९५६ला ती उभी राहिली. आज तिचे कर्मचारी साधारण लाखभर आणि एजंट तेरा लाखांच्या वर. परीक्षा देऊन ऑफिसर झालेल्याला पगार मिळतो. स्कूटरवरून सोसायटीत येणाऱ्या काकांना कमिशन. नाव एकच, पण नोकऱ्या किती वेगळ्या! २०००नंतर खासगी कंपन्या आल्या आणि पगार घेऊन, टार्गेट डोक्यावर ठेवून विकणारी तिसरी जमात तयार झाली. आपल्या वयाची मुलं बहुतेक इथेच भरती होतात.

गेल्या वर्ष-दोन वर्षांत अशा कंपन्यांत लागलेल्या पाच-सहा जणांशी बोलले. कंपन्या वेगळ्या, दिवस सारखाच. सकाळी मीटिंग, दुपारी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘आज किती लॉगइन?’, संध्याकाळी पुन्हा तेच. लॉगइन म्हणजे भरून जमा केलेला प्रपोजल फॉर्म. ट्रेनिंगमध्ये एक भारी शब्द शिकवतात, ‘नॅचरल मार्केट’. साध्या मराठीत, तुमचे नातेवाईक आणि मित्र. पहिली पॉलिसी मावशीची, दुसरी रूममेटची, तिसरी बाबांच्या ऑफिसातल्या काकांची. सहा महिन्यांत हे मार्केट आटतं. मग मार्च येतो, टार्गेट वाढतं आणि मुलगा राजीनामा देतो.

मावशीची पॉलिसी मात्र तिथेच राहते. विकणारा निघून गेला की अशा पॉलिसीला धंद्यात ‘ऑर्फन’ म्हणतात, म्हणजे अनाथ. पुढचा हप्ता कधी, नॉमिनी कसा बदलायचा, हे विचारायला मावशी भाच्यालाच फोन करते आणि भाचा आता मोबाइल कंपनीत असतो. हप्ता चुकतो, पॉलिसी बंद पडते. सुरुवातीच्या वर्षांतच सोडली तर भरलेल्या पैशांतला मोठा वाटा हातचा जातो. भाचा आणि मावशी एकमेकांशी पूर्वीसारखे बोलतात का, हे कुठल्याच रिपोर्टात येत नाही.

आता दुसरी बाजूही बघू. विमा कुणी आपणहून दुकानात जाऊन मागत नाही. कुणीतरी पाठी लागतं म्हणूनच कितीतरी घरांत कर्ता माणूस गेल्यावर चार पैसे येतात. सेल्स वाईट नाही. अनोळखी माणसासमोर बसून त्याच्या मरणाबद्दल बोलणं ही सोपी कला नव्हे, आणि ती ही नोकरी शिकवते. माझा आक्षेप वेगळा आहे. कंपनी वीस वर्षांचं वचन विकते आणि ते विकणाऱ्या पोराला तीस दिवसांवर मोजते.

याचा परिणाम फॉर्मवर दिसतो. ग्राहकाला शुगर आहे हे लिहिलं तर मेडिकल लागतं, लॉगइन लांबतं. महिन्याच्या शेवटच्या दिवशी त्या रकान्यात ‘नाही’वर टिक करण्याचा मोह कुणाला होत नसेल? लपवलेल्या आजाराचा हिशेब होतो तो पुढे, क्लेमच्या टेबलावर. तिथे मृत्यूचा दाखला घेऊन आलेल्या बाईला कागद दाखवला जातो. टिक करणारा तेव्हा तिथे नसतो.

म्हणून दोन गोष्टी व्हायला हव्यात असं मला वाटतं. प्रत्येक फ्रेशरला पहिला महिना क्लेम विभागात बसवा. आपण काय विकणार आहोत ते त्याला तिथे जेवढं कळेल, तेवढं कुठल्याही पीपीटीतून कळणार नाही. आणि इन्सेंटिव्हचा मोठा भाग पॉलिसी तेराव्या महिन्यात चालू आहे का, यावर द्या. किती पॉलिसी टिकल्या हा आकडा कंपन्या काढतातच, पर्सिस्टन्सी म्हणतात त्याला. मग तो पोराच्या पगारातही दिसू दे.

तोपर्यंत आपण इंटरव्ह्यूला तीन प्रश्न विचारू शकतो. पगारात फिक्स्ड किती आणि व्हेरिएबल किती? टार्गेट हुकलं तर नेमकं काय होतं? आणि माझ्या आधी या खुर्चीवर होता, त्याच्या पॉलिसी आता कोण सांभाळतंय? तिसऱ्या प्रश्नावर समोरचा गडबडला, तर पेढे वाटायच्या आधी थोडं थांबा. विकायचंच नसेल, तर मुंबईच्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाच्या लायसेन्शिएटपासून सुरू होणाऱ्या परीक्षा आहेत; अंडररायटिंग, क्लेम्स ही दारंही याच इमारतीत उघडतात. फक्त प्लेसमेंटच्या स्टॉलवर त्यांची पाटी नसते.